काटा रिकामा, बोर्डवर वजन

१० मार्च. काम साधं होतं – सायखेड्याजवळच्या एका खाजगी वजनकाट्यावर जाऊन माझंच सॉफ्टवेअर तपासायचं. गूढ अनुभवांवर वगैरे माझा कधीच विश्वास नव्हता. पंचवटीत राहते, पण देवळातही पाहुणे आले तरच जाते...

तिथे काटे दोन, कॉम्प्युटर एक. काही दिवसांपासून एका काट्यावरच्या ट्रॅक्टरचं वजन दुसऱ्या काट्याच्या बोर्डवर झळकत होतं. काटा चालवणारे भाऊसाहेब गडबड करतात, असं शेतकरी बोलू लागले होते. मालक, म्हणजे अण्णा, दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढणार होते.

"ताई, मी नुसतं बटण दाबतो हो."

"माहितीये. तुम्ही चहा सांगा."

दुपारी चूक सापडली. माझ्या कोडमध्ये नव्हती. तो ज्या भाषेत लिहिलाय, तिच्या रनटाइममध्ये, म्हणजे कोड प्रत्यक्ष चालवणाऱ्या यंत्रणेत होती. दोन्ही काट्यांचे थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली एकाच वेळी चालणारी दोन कामं, एकाच क्षणी आकडा लिहायला गेले, की रनटाइम दोघांना मेमरीतली एकच जागा द्यायचा. एकाचा आकडा दुसऱ्यावर चढायचा. मी लॉक घातलं – एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. विषय संपला.

तेवढ्यात बोर्डवर ५१४० आलं. दोन्ही काटे रिकामे.

"बघा, आता मी काय दाबलं?" भाऊसाहेब म्हणाले.

मी फोटो काढला. बोर्ड शून्यावर गेला. अदलाबदल व्हायची तर तो आकडा कुठेतरी असायला हवा... दिवसभराच्या नोंदींत तो नव्हताच.

मी नोंदी बघत असतानाच कांद्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढला. ड्रायव्हर खाली उतरला. ५०७०. मला बरं वाटलं.

"ओ दाजी, उतरले कशाला? बसा वर," भाऊसाहेब ओरडले. गाडी भरलेली असो की रिकामी, ड्रायव्हरने सीटवरच बसायचं, हा तिथला नियम. "नाहीतर परत माझ्याच नावाने बोंब."

"पाय आखडले राव, लय वेळ बसेल हाय," म्हणत तो चढला.

५१४०.

संध्याकाळपर्यंत कोड, केबल, सेन्सर, सगळं तपासलं. काही निघालं नाही. निघताना भाऊसाहेब हळूच म्हणाले, "फोटोचं अण्णांना नका सांगू. म्हणतील, दोघं मिळून गंडवतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांपुढे फोटो ठेवला. म्हटलं, "अदलाबदल प्रोग्रॅममुळे होत होती, भाऊसाहेबांचा त्यात हात नाही. लिहून देते. या फोटोचं कारण मला माहीत नाही. तेही लिहून देते."

अण्णांनी दोन्ही वाचलं. "माहीत नाही, असं लिहून देणारं माणूस पहिल्यांदा बघतोय," म्हणाले, आणि खिडकीतून हाक मारली, "भाऊसाहेब, पहिली गाडी घ्या."

गाडी काट्यावर चढेपर्यंत मी बोर्डखाली उभी राहिले. शून्यच होतं. मग घरी आले.