धुराड्याची चौथी बाजू

आधीच सांगून टाकतो... मी ओव्हरसियर माणूस. भिंत ओळंब्यात आहे की नाही ते स्वतः बघतो, कुणाच्या सांगण्यावरून मानत नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. तरीही हे लिहितोय, कारण सहा वर्षं झाली आणि मनातून जात नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी माझी केळापूरला बदली झाली. राहायला मिळाला गोऱ्या साहेबाच्या काळातला जुना बंगला. आतल्या खोलीत भिंतीत शेकोटी, आणि तिच्यावर छपराबाहेर गेलेलं विटांचं धुराडं. पावसाळ्यात त्यातून पाणी यायचं, पारवे घाण करायचे. दुरुस्तीला डोमाजी मिस्त्री आला. साठीचा, डाव्या हाताला अंगठा नसलेला. विटांमधला झिजलेला चुना बोटानं उकरून म्हणाला, "चुन्यानंच भरू साहेब. अन् वरतं चार कोपऱ्याले विटा लावून त्यावर फरशी ठिवू. पानी येनार नाही, धुरालेबी वाट राहीन."

मी ताजा डिप्लोमावाला. म्हटलं, शेकोटी पेटवणार कोण? फरशी सरळ तोंडावर ठेवा आणि चारी बाजूंनी सिमेंट मारा.

"धुराची वाट अशी बुजवू नका जी. ध्यानात नाही राह्यलं अन् कोनं इस्तो पेटवला, तं?"

मी हसण्यावारी नेलं आणि माझ्या म्हणण्याप्रमाणेच करून घेतलं. दसऱ्याच्या सुमारास डोमाजी तापानं गेला. मी स्वतः मातीला गेलो होतो.

दिवाळीनंतर माझी बायको कुसुम फुलसावंगीहून, माहेराहून आली. इकडे दवाखाना जवळ, म्हणून बाळंतपणाला तिची आईच तिला घेऊन आली. मुलगी झाली. सासूबाई बाजेखाली घमेल्यात निखारे ठेवून, ओवा टाकून शेक द्यायच्या. दार तेवढं उघडं असायचं.

नवव्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो, तर कुसुम म्हणाली, "अहो, कालपासून एक म्हातारा धुराड्यावर खरवडून राह्यला. खाली उतरला तवा म्या खिडकीतून इचारलं तं म्हने, बाई, एक बाजू बाकी हाये, तवरोक अंदर इस्तो नको."

"कसा होता?"

"डाव्या हाताले अंगठा नव्हता."

तिनं डोमाजीला कधी पाहिलं नव्हतं. मी घरात त्याचं नावही काढलं नव्हतं. अंगावर काटा आला — आणि त्याचाच मला राग आला. बाळंतिणीला भास होतात, म्हणालो.

"तुमी वर चढून पाहा ना एकडाव."

"रविवारी पाहतो," म्हणून सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी गार वारं सुटलं. सासूबाईंना वाटलं, भिंतीत शेकोटी असताना घमेलं कशाला? त्यांनी तिथेच कोळसे फुलवले, लेकीला वारं लागू नये म्हणून दार-खिडकी ओढली आणि नातीला तेल लावायला उन्हात घेऊन बसल्या. कोळशाला धूर नव्हता, नुसता विषारी वायू आत कोंडत गेला, म्हणून बाहेर कुणाला काही कळलं नाही. तासाभरानं दार उघडलं तर कुसुम झोपल्यासारखी पडलेली. उठलीच नाही. धुराडं बंद आहे हे त्या माउलीला मी सांगितलंच नव्हतं.

तेराव्यानंतर मी शिडी लावली. शिडी सरकारी खोलीत कुलपात, किल्ली माझ्याकडे. वर फरशीच्या तीन बाजूंचं सिमेंट सरळ रेषेत, साफ खरवडून काढलेलं होतं. छपराच्या कवेलूंवर त्याचा चुरा पडला होता. चौथी बाजू तेवढी घट्ट होती, म्हणून फरशी तोंडावर तशीच बसलेली. मी छिन्नी घेतली. दहा मिनिटांचं काम होतं... ते करताना मी पोरासारखा रडलो.

माकडं असतील, सिमेंट कच्चं असेल — सगळा विचार करून झाला. माकडं एका सुतात खरवडत नाहीत. खरं सांगायचं तर आता मी उत्तर शोधतही नाही. तिनं वर चढून पाहा म्हटलं होतं आणि मी रविवार सांगितला, एवढंच डोक्यात राहतं.

मुलगी आता सहा वर्षांची आहे. परवा तिनं विचारलं, "बाबा, आई कशानं गेली?"

मी म्हणालो, तापानं.