भाडेकरूवर आलेला डिझेलचा आळ

पंपापुढे रांग लांबलेली दिसली की ती घटना आजही आठवते. मी तेव्हा मुळशी तालुक्यातल्या एका ठाण्यात महिला हवालदार होते. हिंजवडीच्या कंपन्यांमुळे नांदे गावात नुकतेच भाडेकरू राहायला येऊ लागले होते.

भातलावणीचे दिवस होते. तेल आणणाऱ्या पाइपलाइनच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी लांबून घुसलं आणि पाइपलाइन बंद पाडली, असं पेपरात आलं. बघता बघता पंप कोरडे झाले. आमच्या जीपलाही मोजकंच डिझेल मिळे, म्हणून गस्त पायी. पंपावर बंदोबस्ताला मी असायचे. सुरुवातीला रांगेत थट्टा चालायची. नंतर कुणी कुणाशी बोलेना. गप्प झालेल्या रांगेची मला जास्त भीती वाटायची.

अशात नांद्यातली एक बाई बाळंतपणात अडली आणि आरोग्य केंद्राची गाडी सुरूच होईना. टाकीतलं डिझेल कुणीतरी काढून नेलं होतं. बाईला दुधाच्या टेम्पोतून पुण्याला न्यावं लागलं. आई आणि लेकरू वाचलं, पण गाव खवळलं.

त्याच दुपारी नांद्यातला एक शेतकरी ठाण्यात आला. लावणी डिझेलवाचून अडली, रोप हातचं चाललं, असं रडगाणं गाऊन मग त्यानं खबर दिली. "साहेब, माझा भाडेकरू बघा. रातभर कंप्युटरवर असतुया. त्याच्या खोलीमागं कॅन हायेत." जाता जाता पुटपुटला, की पाइपलाइनबी त्यानंच बंद केली आसंल.

खोलीमागच्या न्हाणीत डिझेलचे दोन कॅन सापडले, एक रिकामा, एक अर्धा. पंचनामा झाला. त्या तरुणाला जीपमध्ये बसवताना अख्खी आळी दारात उभी होती. एकानं विचारलं, "पायपाची चावी कुटं ठिवलीस रं?" कुणी हसलं नाही.

पोरगा लातूरकडचा. साहेबांनी फिरवून फिरवून विचारलं, तरी उत्तर तेच. "मी बँकेच्या खात्यांचं काम करायलोय, साहेब. पाइपलाइन कुठून जाते ते पण मला माहीत नाही." चोर बहुधा आपण कुठं होतो ते न विचारता सांगतो. हा मात्र आईला कळवू नका, एवढंच म्हणत होता. पण माझ्या वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत.

ठाण्याबाहेर माणसं वाढत चालली. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, अंधार पडायच्या आत काहीतरी निघायला हवं. आत ठेवला तर पोराची नोकरी जाईल, बाहेर सोडला तर ही माणसं त्याला जिवंत ठेवायची नाहीत.

मी घरमालकाच्या घरी गेले. मालकीण ओट्यावर बसली होती. मला बघताच तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मला फार बोलता येत नाही, म्हणून नुसतीच बसले. ती पाणी आणायला उठली तेव्हा पाय दिसले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या, वर मेंदीचा लेप. चिखल्या. भाताच्या खाचरात दिवसच्या दिवस उभं राहिल्याशिवाय अशा होत नाहीत. त्यांनी बैल कधीच विकले होते, म्हणजे लावणीआधीची चिखलणी ट्रॅक्टरनंच झालेली. मग डिझेल आलं कुठून?

"लावणी झाली का?" मी विचारलं.

"कुटं... डिझेल न्हाई." मी तिच्या पायांकडे बघतेय हे तिनं पाहिलं. तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "बाई, त्या पोराला मारत्यात का वो?"

ठाण्याबाहेर माणसं जमलीत, एवढंच मी सांगितलं.

"काकू म्हनतो त्यो मला. मालकांनीच काडलं डिझेल. गाडी काय, उबीच आसती म्हनले. रिहे गावच्या अंगाला आमचं लांबचं खाचर, तितं लावनी केली तर कोन बघतंय? कॅनबी त्यांनीच ठिवलं पोराच्या न्हानीत."

नवऱ्यानं तासाभरात कबूल केलं. गर्दीला साहेबांनी ते सांगितलं, तेव्हा वाटलं होतं आता त्याच्यावर धावून जातील. कुणीही हललं नाही. "रोपापायी चुकला," एक म्हातारा म्हणाला आणि माणसं घरोघर गेली. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. पण त्याची उरलेली खाचरं गावानं इर्जिक करून लावली. सगळ्यांनी मिळून एकाचं शेत उरकायचं आणि त्याच्या घरचं जेवायचं, ही तिथली जुनी रीत. ज्या बाईला टेम्पोतून न्यावं लागलं, तिचा सासराही त्यात होता.

भाडेकरूला मात्र नांद्यात कुणी खोली दिली नाही. निर्दोष आहे हे सगळ्यांना कळलं होतं, तरीही. कशाला ती बला, म्हणाले. तो बॅग घेऊन महाळुंग्याच्या बाजूला चालत गेला.

उचलताना आम्ही माणसाला जीपमधून, साऱ्या आळीसमोर नेतो. सोडताना तो एकटाच पायी जातो. मला या तपासानं शिकवलं ते एवढंच. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, ज्याला नाहक आणलं गेलं त्याला मी गणवेशात घरापर्यंत पोचवायला जायचे, भर दुपारी. त्याच्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, की याचा काही गुन्हा नाही. एवढं मोठ्यानं बोलायला मला फार जड जायचं. पण बोलायचे.