नुअमान आणि चाळीस मीटर

आमच्या इब्ब शहरात नुअमान सैफला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला 'मीटर' म्हणत. बावीस वर्षं तो वीज कचेरीसाठी घरोघरच्या मीटरचे आकडे टिपत होता, आणि एवढ्या वर्षांत एकही आकडा त्यानं अंदाजानं लिहिला नाही. दार बंद असलं, घरात पुरुषमाणूस नाही म्हणून बाईनं परत पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी त्याचा शेजारी, शाळेत गणित शिकवायचो. त्याची बेरीज मला कधी चुकलेली सापडली नाही. माझी मात्र त्यानं दोनदा पकडली.

युद्ध सुरू झालं आणि तारांतली वीज गेली, ती परत आलीच नाही. तरी पहिले तीन महिने नुअमान सकाळी वही काखेत मारून निघायचा.

"अरे, आकडा तोच असणार ना?" मी विचारायचो.

"तोच आहे का, हे बघायला तर जावं लागतं, उस्ताद."

मग पगार बंद झाला. पुढं कचेरीला आग लागली, जुनं सगळं दप्तर जळून गेलं. नुअमान घरी बसला. चिडचिडा झाला. बायकोनं हेल्बा, म्हणजे मेथीचा फेस, घुसळताना किती वेळ घेतला हेसुद्धा मोजायला लागला.

दरम्यान शहर आपापल्या मार्गाला लागलं होतं. कुणी अंगठी विकून, कुणी सौदीत राबणाऱ्या भावाकडून मागवून, जो तो छपरावर सोलर पॅनल चढवत होता. बअदानच्या डोंगरावरून खाली पाहिलं की सगळं गाव चकाकायचं. पण देशात अशी किती वीज तयार होते, आणि त्यातली किती खरोखर वापरली जाते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोजायला मधे तारच नव्हती.

२०१८ साली राजधानी सनाच्या एका विद्यापीठातल्या लोकांनी हे मोजायचं ठरवलं. इंजिनिअर अश्वाक नावाची एक बाई इब्बला आली. हिशेबाला पक्की, बोलायला थेट. तिनं नुअमानपुढं मुठीत मावतील असे चाळीस छोटे मीटर ठेवले. एकेका घरात एक मीटर सात दिवस लावायचा, रोज आकडा टिपायचा, मग पुढच्या घरी. असं करत चारशे घरं.

"पॅनलवर लिहिलेलं असतंच की शंभर वॅट, दीडशे वॅट. ते उतरवून घेतलं तर?" मी म्हणालो.

नुअमाननं माझ्याकडं असं पाहिलं की मी शाळेतलं पोर झालो. "पातेल्यावर दहा लिटर लिहिलंय म्हणून आत दहा लिटर साल्त्याचा रस्सा असतो का?"

अश्वाक हसली. नुअमान हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली.

खरं दुखणं आकड्यांचं नव्हतं, दारांचं होतं. छपरावर काय आहे हे लिहून नेणारा माणूस त्या दिवसांत कुणाला हवा होता? काहींना वाटे, यादी गेली की वरून विमानं येतील. काहींना वाटे, पॅनल काढून न्यायला माणसं येतील. खाला तकिय्यानं तर छपरावर चादरी वाळत घालून पॅनल झाकले. ती शिवणकाम करणारी विधवा बाई. तिचे तीन पॅनल होते आणि त्यावर एक छोटा फ्रिज चालायचा. त्या फ्रिजमध्ये गल्लीतल्या अकरा मधुमेहींचं इन्सुलिन असायचं.

"माझ्याकडं काही नाही," तिनं दारातूनच सांगितलं.

"खाला, भर दुपारी चादरींखालून वायर कुठं चाललीय?"

"तुझ्या डोळ्यांना साप चावो! बावीस वर्षं माझ्या घरात डोकावतोयस, अजून पोट भरलं नाही?"

"नाव लिहिणार नाही. वहीत कुणाचंच नाव नाही."

आणि ते खरं होतं. नुअमान प्रत्येक घरापुढं त्या घराच्या जुन्या, मेलेल्या मीटरचा नंबर लिहायचा. दप्तर जळाल्यापासून तो नंबर कोणत्या घराचा, हे साऱ्या जगात त्याच्या एकट्याच्या डोक्यात होतं. ते ऐकल्यावर तकिय्यानं चादरी काढल्या. तिच्या घराची पाळी मात्र बरीच पुढं होती.

दोन महिन्यांत तीनशे घरं झाली. दर जुम्म्याला आम्ही गातची तरतरी आणणारी पानं चघळत बेरजा करायचो. दीडशे वॅटचा पॅनल धूळ, सावली आणि दुपारी बअदानवरून उतरणारे ढग यांतून अर्धाच कामाला यायचा. बऱ्याच घरांत बॅटरी सकाळी दहाला भरून जाई आणि पुढचं ऊन वाया. पुष्कळ घरांत दिवसभरात पाव युनिटसुद्धा वापरलं जात नव्हतं.

"लोक म्हणतात देश उन्हावर चालतोय," नुअमान म्हणाला. "चालत नाही रे. रांगतोय."

मग एका सकाळी आमच्या मोहल्ल्याचा आकिल, म्हणजे मुखिया, मुसइद त्याच्या दारी आला. बरोबर बंदूकवाले दोघे. मुसइदची आणि नुअमानची लहानपणापासूनची ओळख. तो नजर चुकवत म्हणाला, "भाऊ, वरून यादी मागितलीय. कुणाकडं किती पॅनल. देऊन टाक."

"यादी नाही. आकडे आहेत."

मुसइदनं वही उघडली. पानंच्या पानं नुसते नंबर. "हे काय, जादूटोणा करतोस?"

"वीज मोजतो."

"मग ही घरं कुणाची ते सांग. पाच मिनिटांचं काम आहे."

"विसरलो."

"तू?" मुसइदला हसू आलं. "माझ्या बापाच्या घराचा नंबर सांग बघू."

"तोही विसरलो," नुअमान म्हणाला. त्याला घेऊन गेले.

नऊ दिवस त्याचा पत्ता नव्हता. त्याची बायको जलीला माझ्या बायकोजवळ येऊन बसायची, काही खायची नाही. इकडं चाळीस घरांत चाळीस मीटर लटकत होते. घाबरलेल्या लोकांनी ते उपटायला सुरुवात केली. एकानं पाण्याच्या टाकीत फेकला. मी दारोदार फिरलो, पण माझ्यापाशी ना नंबर ना हिंमत. तकिय्याच्या घरी गेलो, तर ती शिवणयंत्रावरून न उठता म्हणाली, "आकडा पाहिजे? भिंतीवर बघ." तिनं कपड्यावर खुणा करायच्या खडूनं रोजचा आकडा भिंतीवर लिहिला होता. तिचं बघून आणखी दहा घरांनी लिहिले होते.

दहाव्या दिवशी नुअमान परतला. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. काय झालं ते त्यानं जलीलालाही सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाला, "आता उजव्या बाजूला बसत जा." त्या लोकांना त्यानं काहीच सांगितलं नव्हतं, हे मला माहीत होतं. गल्लीला मात्र माहीत नव्हतं, कारण तो सुटल्यावर चौथ्याच दिवशी माणसं आली आणि अकरा घरांचे पॅनल उतरवून घेऊन गेली. तकिय्याचे दोन गेले. कुणी चुगली केली ते आजवर कळलं नाही. छपरं काही लपत नाहीत, डोंगरावरून कुणीही मोजावीत. पण लोक म्हणाले, मीटर बोलला म्हणून सुटला.

बेकरीत त्याच्याकडं पाठ फिरवली गेली. मशिदीत त्याच्या बाजूची जागा रिकामी राहायला लागली.

तकिय्याचा फ्रिज बंद पडला. महिन्याभरात त्यातलं इन्सुलिन उकाड्यानं खराब झालं. वर्कशॉपवाल्या नाजीच्या मधुमेही मुलीला शुद्ध हरपल्यावर दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली, पण तो आठवडा आम्ही कुणी विसरलो नाही.

ती बातमी आली त्या दुपारी नुअमान माझ्याकडं आला. हातात नवा कागद. "उस्ताद, ही चार घरं बघ. यांची बॅटरी दहाला भरते. त्यानंतरचं सगळं वाया जातं. आणि ही तकिय्याच्या भिंतीला लागून आहेत. दहा ते तीन फ्रिज चालला तर आत बर्फ धरेल, सकाळपर्यंत पुरेल."

"तुला दारात उभं कोण करेल?"

"तू बोल. मी खाली थांबतो."

पहिल्या दारावर मला शिव्या मिळाल्या. दुसऱ्या दारी म्हातारा म्हणाला, "त्या खबऱ्यानं पाठवलं ना तुला?" आणि दार लावलं. तिसरं घर नाजीच्या भावाचं. त्यानं खिडकीतून खाली गल्लीत उभ्या नुअमानकडं पाहिलं आणि ओरडला, "ए मीटर! माझं किती वाया जातं?"

नुअमाननं उजवा कान वर केला. मला प्रश्न पुन्हा ओरडून सांगावा लागला.

"रोज एकतृतीयांश युनिट!" तो खालून म्हणाला. "ढग असले तर कमी. अंदाजे सांगत नाही."

वायर त्याच दिवशी ओढली. चौथ्या घरानंही दिली. फ्रिज पुन्हा सुरू झाला, पण कुरकुरत. ढगांच्या दिवसांत तकिय्या बर्फासाठी बाजारात धावायची. पहिली दोन्ही दारं बंदच राहिली.

सहा महिन्यांनी रेडिओवर ऐकलं की आपल्या देशात आता इतकी इतकी सौर वीज तयार होते. निवेदकाचा आवाज लग्नातल्यासारखा. आकडा ऐकताच नुअमान उठून उभा राहिला. "हे पॅनलवर लिहिलेलं आहे. घरातलं नाही."

त्यानं अश्वाकला फोन लावला, उजव्या कानाला घट्ट धरून बोलला. ती म्हणाली, अहवालात दोन्ही आकडे आहेत, तयार होऊ शकणारी वीज आणि प्रत्यक्ष वापरलेली. दुसरा पहिल्याच्या निम्माही नाही. रेडिओनं मोठा तेवढा उचलला. आणि एक गोष्ट तिनं जरा थांबून सांगितली. ज्या अकरा घरांनी स्वतः आकडे लिहिले, ते धरता आले नाहीत. मोजण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसानं ते वाचलेले नव्हते.

"तकिय्याचे आकडे माझ्याहून नीट आहेत," नुअमान म्हणाला.

"मला माहीत आहे, नुअमान काका. मी भांडले."

त्यानं फोन ठेवला. हे तकिय्याला तूच सांग, असं मी म्हणालो नाही, तरी तो उठून तिच्या घरी गेला. मी दारात थांबलो. आत तो तिला सांगत होता आणि तिच्या यंत्राचा आवाज क्षणभर बंद झाला.

"म्हणजे माझं मोजलं नाही?" तिनं विचारलं.

"मी मोजलंय."

"तुझ्या मोजण्यानं काय होतं?" ती म्हणाली, आणि पुन्हा शिवायला लागली. नुअमान खाली मान घालून बाहेर आला. मी त्याच्या उजव्या बाजूनं चालायला लागलो.