मिठाला न हललेलं मांस

"मी पाहिलं नाही, म्हणजे ते झालं नाही."

युझेली थेरियो हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा म्हणे, की बायूच्या, म्हणजे नदीच्या त्या संथ, दलदली फाट्याच्या काठावरचे पोपटसुद्धा ते शिकले असते. पण त्या काठावर पोपट नव्हते, बगळे होते, आणि बगळे मुके. पाद्रीबाबा म्हणाले आज पाऊस येईल, तरी ती अंगणात जाऊन आभाळ बघून येई. शेजारणीनं कॉफी दिली, की आधी कपाच्या तळाशी काय आहे ते चमच्यानं ढवळून बघे. तिला कुणी हसत नसे. हसलंच तर पाठीमागे हसत. कारण वसंतातल्या चर्चच्या जत्रेत चावऱ्या कासवाचा तिखट रस्सा तिच्या हातचा असे, आणि तो रस्सा भातावर पडला की माणसं भांडणं विसरत.

कासव जिवंत आणायचं, हा तिचा पहिला नियम. माणसं वाळुंजाच्या वाकलेल्या फांद्यांना दोर बांधत, गळाला चिवट माशाचा तुकडा लावून पाण्यात सोडत आणि सकाळी फांदी हलताना दिसली की होडी वळवत. पोत्यात घालून आणलेलं कासव युझेली स्वच्छ पाण्याच्या पिंपात ठेवी, पोटातला चिखल निघून जाईपर्यंत पाणी बदलत राही. मग तिचा धाकटा भाऊ क्लेरविल काठी पुढे करी. कासव काठी चावे, सोडायचं नाव घेत नसे. तो काठी ओढून मान लांब करी आणि कुऱ्हाड चालवी. तुटलेलं डोकं लगेच खड्ड्यात पुरायचं, कारण ते नंतरही बराच वेळ चावतं. मग पाय उकळत्या पाण्यात बुडवून कातडं सोलायचं, पोटाकडची ढाल कडेकडेनं कापून काढायची आणि पिवळी चरबी कणभरही ठेवायची नाही. सगळा उग्र वास तिच्यातच असतो.

एवढं डोळ्यांसमोर होऊनही युझेलीचं समाधान होत नसे. ती मांसावर चिमूटभर मीठ टाकी. ताज्या कासवाचं मांस मिठानं थरथरतं, माशी बसल्यावर घोड्याची कातडी थरथरते तसं. थरथरलं तर पातेल्यात. नाही तर नदीत. जाळ्यात अडकून गुदमरलेली कासवं आळशी लोक गपचूप कापतात, हे तिला ठाऊक होतं. खालच्या गावात एकदा असलं मांस शिजलं होतं. निम्मी जत्रा ओकत घरी गेली, आणि त्या स्वयंपाकिणीला पुन्हा कुणी पळी धरू दिली नाही.

त्या वर्षी पाणी चढलेलं होतं. गळ रिकामे येत होते. जत्रेच्या सकाळी मोठं लोखंडी पातेलं चुलीवर चढलं, तरी मांस जेमतेम तळ झाकेल इतकंच होतं. बायका कांदे चिरत होत्या, क्लेरविल डुकराच्या चरबीत पीठ तांबूस होईपर्यंत परतत होता, आणि बांधाच्या बाजूनं एक माणूस खांद्यावर झाकलेली परात घेऊन येत होता.

तो रोझमाँ होता. युझेलीचा जावई.

समुद्राकडचा माणूस. कोळंबीच्या बोटीवर काम करायचा. युझेलीची एकुलती एक मुलगी झुल्मे त्याच्याशी लग्न करून बसली, तेव्हा युझेली चर्चमध्ये गेली नव्हती. लग्नापासून मायलेकी एकमेकींच्या दारात उभ्या राहिल्या नव्हत्या.

"आई, हे झुल्मेनं पाठवलंय," रोझमाँनं परात बाकावर ठेवली. "मोठं कासव होतं. मीच धरलं. साफ मात्र तिनं केलं."

"कुणाची आई?" युझेली म्हणाली. "आणि जिवंत का नाही आणलंत, जावईबापू?"

"तिला स्वतःच्या हातानं साफ करून पाठवायचं होतं. म्हणाली, हे मांस आईनं पातेल्यात घातलं, तर मी जत्रेला येईन. नाही घातलं, तर पुन्हा माझं नाव काढू नका."

कांदा चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले.

युझेलीनं फडकं उचललं. मांस गुलाबी, नीट तोडलेलं, चरबीचा मागमूस नाही. नखांच्या खालचं कातडंसुद्धा सोललेलं. तिनं स्वतः मुलीला शिकवलं होतं तसं, अगदी तसंच. आणि त्याच क्षणी तिच्या मनात संशय उभा राहिला. इतकं चकाचक कोण करतं? ज्याला काही लपवायचं असतं, तो. या माणसाला जाळ्यात मेलेलं कासव सापडलं असेल, आणि त्यानं बिचाऱ्या पोरीच्या हातात सुरी दिली असेल.

तिनं मीठ टाकलं. सगळे वाकून बघू लागले.

मांस हललं नाही.

तिनं आणखी मीठ टाकलं. मांस दगडासारखं पडून राहिलं.

"मेलेलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला मिळालं तेव्हाच."

"माझ्या होडीत त्यानं वल्हं चावून तोडलं, आई!"

"मी पाहिलं नाही."

"वल्हं आणून दाखवू?"

"वल्हं तर मगरही चावते. क्लेरविल, नदीत टाक हे."

रोझमाँ मागे सरला. तो ओकच्या झाडाखाली जाऊन बसला. हे उत्तर घेऊन घरी जायला त्याचे पाय वळत नव्हते.

"टाकतो की," क्लेरविल चुलीपासून हलला नाही. "पण आत्ता हात काढला तर पीठ करपेल. मग बोलशील, ताई, मी तुझा भाऊच नाही म्हणून."

"ते मी आधीपासून म्हणते."

"आपली आई तर हो म्हणायची."

"तिला तरी कुठं नक्की ठाऊक होतं!"

बायका हसल्या. युझेली हसली नाही. परात बाकावर उन्हात राहिली. ऊन चढलं. तांबूस पिठात कांदा पडला, भोपळी मिरची पडली, टोमॅटो पडले. युझेली ढवळत होती, पण डोळे पुन्हा पुन्हा परातीकडे जात होते. कुणी चुकून त्यातला तुकडा पातेल्यात टाकला तर? ती राखण करायला म्हणून बाकाजवळ गेली.

मांडीचा एक तुकडा टुणकन उडाला.

तिनं आधी क्लेरविलच्या कोपराकडे बघितलं. तो लांब होता. मग माशी शोधली. माशी नव्हती. दुसरा तुकडा थरथरला, मग तिसरा, आणि बघता बघता परातभर मांस वाऱ्यातल्या पाण्यासारखं शहारू लागलं. युझेलीनं बोट लावलं. वरून कोमट, पण आत, खोल आत, अजून गारठा होता.

तिनं ओकच्या झाडाकडे मान वळवली.

"हे बर्फात ठेवलं होतंत?"

"हो," रोझमाँ उठून उभा राहिला. "रात्रभर. आमच्या बोटीवर सगळंच बर्फात ठेवतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही नुसतं मीठ टाकलंत."

बायूकाठी कासवाला कुणी बर्फ लावत नसे. इथं कासव पिंपातून थेट कुऱ्हाडीखाली जाई. गारठलेलं मांस मिठाला उत्तर द्यायला उशीर लावतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं मानलं नसतं. आता ते तिच्या समोर, सगळ्यांच्या समोर उड्या मारत होतं. फडकं टाकून झाकता आलं असतं. एका बाईनं तसं फडकं पुढेही केलं.

युझेलीनं ते घेतलं नाही. परात उचलली आणि सगळं मांस पातेल्यात ओतलं.

"मी पळत जाऊन झुल्मेला घेऊन येतो," रोझमाँ म्हणाला.

"नको. तुम्ही गेलात, तर तिला वाटेल तुम्हीच माझ्या हातापाया पडलात."

"मग?"

"मग काय! इथं या. या क्लेरविलला एकट्याला सोडलं, तर तो रस्सा तळाला लावेल. ढवळा. आणि तिखटाच्या डब्याला हात लावू नका."

तिनं पळी जावयाच्या हातात दिली, एप्रनला हात पुसले, पण एप्रन काढायचं तिला सुचलं नाही. बांधावर चढली. अर्ध्या चढावर थांबून तिनं एकदा मागं बघितलं, पळी नीट फिरते आहे का ते. मग वाळुंजांच्या बाजूनं, जिथं झुल्मेचं घर होतं तिकडे, ती चालू लागली.

क्लेरविल तिला बघत होता. कांद्याच्या ढिगामागून बायका बघत होत्या. रोझमाँही बघत होता, पण त्याला बघता बघता ढवळावं लागत होतं.