डावा कौल

देवाने मला डावा कौल दिला आणि मी घरी येऊन उजवा सांगितला. एवढी वर्षं घरच्यांना न सांगता हे पोटात ठेवलं, आता सांगून मोकळी होते. त्रेसष्ट-चौसष्ट साल असेल. माझा धाकटा भाऊ सदू मुंबईत शाळामास्तर होता. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी मला बोलावून आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाई, रक्त हाडाच्या आतल्या मगजात तयार होतं. त्याचा मगज बिघडलाय. तुमचं रक्त त्याच्याशी जुळतंय. तुमच्या कमरेच्या हाडातून मगज काढून त्याच्या शिरेत सोडू. त्याने मूळ धरलं तर नवं रक्त होईल. परदेशात असे प्रयोग झालेत, बहुतेक फसलेत. आणि आधी किरण देऊन त्याचं जुनं रक्त जाळावं लागेल. ते सुरू झालं की माघार नाही, तुम्ही हव्यातच."

घरी विचारून येते म्हणाले आणि चौलला सासरी परतले. विचारायचं निमित्त हो, मी घाबरले होते! पदरात तीन मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, वर सुपारीच्या वाडीचं काम. मी लुळी पडले तर? शेजारणी तर काय, "हाडातलं काढलं की बाई कायमची खचते," म्हणून मोकळ्या. सदूला आईमागे मीच कडेवर वाढवलेला, त्याच्यावर माझा जीव होता. तरी भय ते भयच. शेवटी देवळात गेले. गुरवकाकांनी देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावली, मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. मी मनातल्या मनात विचारलं, "देवा, मला काही होणार नाही ना?" डावीकडचं फूल टपकन पडलं. डावा म्हणजे नकार. गुरवकाका म्हणाले, "आज देवाच्या मनात नाही. सोमवारी पुन्हा लावू." मी हो म्हटलं तर सोमवारीच सदूचे किरण सुरू व्हायचे होते. घरी ह्यांनी विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "उजवा दिला." का, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवसहून लाँच धरली. शेजारी थळची एक कोळीण टोपली घेऊन बसलेली. मी पदरात तोंड खुपसून रडत होते. "कोन आजारी हाय गो बाय?" तिने विचारलं. त्या परक्या बाईला मी सगळं सांगून टाकलं, खोटं बोलल्याचंसुद्धा.

"देवाला नक्की काय इचारलंस?"

मी सांगितलं, तशी ती खो खो हसायला लागली. "अगो येडे, मंग देवानं खरंच सांगितलं! हाडात सुई घालनार न् तुला काय व्हनार न्हाय? दुखनार, चांगलं दुखनार! भावाचं तं तू इचारलंच न्हाय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावाचा जीव टांगणीला आणि मी देवासमोर उभी राहून स्वतःचीच चौकशी करून आले! पण त्या शरमेबरोबर भीतीही कुठे निघून गेली, कळलं नाही. धक्क्यावर उतरल्यावर तिला हात जोडावे म्हणून वळले, तर ती गर्दीत दिसेनाशी झालेली. ती कोण होती, देव होता का, या भानगडीत मी पडत नाही. मासळी विकायला आलेली बाई होती, वासही चांगला येत होता. पण तिला नेमकं माझ्याशेजारी कुणीतरी बसवलं, एवढं म्हणेन.

सदूला सगळं खरं सांगितलं. देवधर्म न मानणारा तो, हसला. म्हणाला, "ताई, तुझा देव आमच्या डॉक्टरसारखाच दिसतो, तोंडावर खरं बोलणारा." ठरल्या दिवशी मला पालथं झोपवून कमरेत पुन्हा पुन्हा सुया घातल्या. दुखलं, कोळीण म्हणाली तस्संच दुखलं. मगज पांढरा असेल असं वाटलं होतं, पण बाटलीत होतं ते दाट तांबडं, रक्तासारखंच. ते थेंब थेंब त्याच्या हातात उतरताना मी बघत बसले. तीन आठवडे रोज त्याचं रक्त तपासायला जात होतं. मग एका दुपारी डॉक्टर स्वतःच खाटेपाशी आले आणि म्हणाले, "नव्या पेशी दिसतायत." त्या भाऊबीजेला सदू चौलला आला, पाटावर बसला. मी त्याला ओवाळलं.

पण पुढच्या उन्हाळ्यात दुखणं उलटलं. या वेळी मी डॉक्टरांचे पाय धरले. "पुन्हा काढा, कितीही काढा, माझ्या हाडांचं काय करायचं ते करा!" त्यांनी मान हलवली, "आता त्याला सोसणार नाही." मी ऐकेना. त्यांच्याशी भांडले, नर्सशी भांडले, देवाशी तर उभा दावा मांडला. तेव्हा सदूनेच माझं मनगट धरलं. "ताई, तू दिलंस, मी घेतलं. आता सोड मला."

देताना भ्याले होते, पण सोडताना त्याच्या शंभरपट भ्याले. देणं निदान आपल्या हातचं असतं. मग त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "जा बाळा, मी आता भांडत नाही." हे शब्द माझ्या तोंडून निघाले, ही मी देवाची सगळ्यात मोठी कृपा मानते. नाहीतर माझ्यासारख्या कजाग बाईला ते कुठून सुचणार!