तिकीट खिडकीतले रविवार

माझ्या व्हिसावर पगाराचं काम करायची परवानगी नव्हती. नवरा शहरात, ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात कंप्युटरसमोर आणि मी शहराबाहेर, स्वोर्ड्सच्या फ्लॅटमध्ये खिडकीसमोर. २०१६ च्या उन्हाळ्यात तोच म्हणाला, घरात बसून वेड लागेल, त्यापेक्षा तिथे जा. तिथे म्हणजे बसने तासाभरावरचं एक जुनं स्टेशन. खरी गाडी तिथून कधीच बंद झाली होती. गावातल्या निवृत्त माणसांनी थोडे रूळ पुन्हा टाकले होते आणि दर रविवारी ते हौसेने कोळशाचं इंजिन चालवायचे. बिनपगारी हात त्यांना हवेच असायचे.

पहिले तीन रविवार मी डब्यांच्या पितळी मुठी घासल्या. चौथ्या रविवारी म्हाताऱ्या स्टेशनमास्तरने मला तिकीट खिडकीत बसवलं. तो पूर्वी पोस्टमन होता. तिकिटं जाड पुठ्ठ्याची, जुन्या काळासारखी. एकेक यंत्राच्या फटीत सारायचं, की खट्कन तारीख उमटायची. फार बोलावं लागत नसे. मोठी दोन, लहान एक, परतीचं. आकडे मला येत होते. लोक थँक्यू म्हणायचे, आणि परत येताना बसमधून उतरताना मीही ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचे. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच.

शाळेचं सांगायला हवं. मी नववीत शाळा सोडली. मामी अंथरुणाला खिळली होती, तिचं करायला घरात बाईमाणूस नव्हतं, म्हणून मला मामाकडे ठेवलं. मामाचा मुलगा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंग करत होता. पुढे मामाने दिलेला शब्द पाळून त्याने माझ्याशीच लग्न केलं. अरे-तुरेचं अहो-जाहो झालं. एवढा शिकलेला नवरा, तोही परदेशात. सगळं गाव आईला म्हणे, पोरीने नशीब काढलं. मीही तेच म्हणायचे. त्याचे उपकार मला रोज आठवायचे. मामीचं पाच वर्षं कुणी केलं, ते कुणालाच आठवायचं नाही, मलासुद्धा.

ऑगस्टमध्ये मराठी मंडळाची सहल आमच्या स्टेशनवर आली, नवराही तिच्यात होता. मला खिडकीत बघून एक ताई म्हणाल्या, "अगं, तिकिटंच फाडायची होती तर एवढ्या लांब कशाला आलीस? एसटीत लागायचंस की."

मागचे सगळे हसले. नवऱ्याचे कान लाल झाले. स्टेशनमास्तर शेजारीच उभा होता. नवरा इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की हिचं इतिहासात एम.ए. झालंय, जुन्या रेल्वेचा अभ्यास करायचाय म्हणून ही इथे येते. ताई नुसतं "तसं होय" म्हणाल्या.

पुढच्या रविवारी खिडकीत दुसरीच बाई बसली होती. स्टेशनमास्तरने मला मोठ्या मानाने आत नेलं आणि टेबलावर जुन्या कागदांचे दोन खोके ठेवले. तुला मुठी घासायला लावल्या याची लाज वाटते, म्हणाला. हे सगळं वाच, आमच्या लाइनवर एक पुस्तिका लिहून दे, आणि गाडीत प्रवाशांना दहा मिनिटं माहिती सांगत जा. मी 'ग्रँड' म्हणाले. तिथे ठीक, छान, हो, सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. मग चार तास पानं उलटत बसले; ऐकलेलं इंग्रजी अंदाजाने कळायचं, वाचलेलं नाही. कुणी आत आलं की तेवढं पेन उचलायचं.

घरी आल्यावर मी म्हणाले, "अहो, त्यांना खरं सांगा. मला खिडकीच हवीय."

"आणि मंडळात तोंड कसं दाखवू?"

"नाहीतर मी सांगते. शाळा का सोडली तेही सांगते."

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "माझ्या आईला मध्ये आणू नकोस."

मी नाही आणलं. ज्याने आपल्यासाठी एवढं केलं त्याला चारचौघांत खाली कसं बघायला लावायचं, असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, मी घाबरले होते आणि त्या घाबरण्यालाच उपकारांची जाण म्हणत होते.

माझ्या नावाने मेल त्यानेच लिहिली. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे येणं जमणार नाही, वगैरे. तासभर शब्द निवडत बसला होता. दोन दिवसांनी स्टेशनमास्तरचं उत्तर आलं: इतकं सुंदर पत्र बऱ्याच वर्षांत वाचलं नाही, इतकं चांगलं लिहिणारी बाई गेली याचं सगळ्यांनाच वाईट वाटतंय.

नवरा खूश झाला. मला कळावं म्हणून त्याने ते मराठीत सांगितलं, आणि मग पुन्हा एकदा इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवलं.