मावशीला पाठवलेलं कार्ड

कागद कापणं आणि चिकटवणं हे माझं रोजचं काम. कापड मार्केटातल्या एका दुकानात मी साड्यांची सॅम्पल कार्डं बनवते. प्रत्येक रंगाचा दोन बोटांचा तुकडा झिगझॅग कात्रीने कापायचा, पुठ्ठ्यावर ओळीने डकवायचा, खाली नंबर लिहायचा. वीस वर्षं हेच केलं, पण घरच्या माणसासाठी कधी एक कार्ड केलं नव्हतं.

सुरतच्या गोडादऱ्यात आम्ही दोघीच राहायचो, आई आणि मी. वडील लवकर गेले, माझं लग्न झालं नाही. आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण फोनवर माइकचं चिन्ह दाबून बोलायला ती शिकली होती. कुणाशी बोलायचं ते फोटोवरून ओळखायची. मी दुकानात असले की कोथिंबीर आणायला सांगणारा तिचा आवाज यायचा, "येतांना कोथमीर लई येजो." घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. ती गेल्यावर ती भाषा बोलायला मला कुणी उरलं नाही. शेजारी हिंदी, दुकानात गुजराती. रविवार तर तोंडातून एक शब्द न निघता जायचा.

मावशी होती, आईची धाकटी बहीण, अमळनेरजवळच्या खेड्यात. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. आई भर मे महिन्यात सकाळी गेली. मी लगेच कळवलं आणि मावशी मिळेल त्या गाडीने निघाली. ऊन फार होतं. गल्लीतली माणसं म्हणाली, आता फार वेळ ठेवू नका. मी हो म्हटलं. तीन वाजता सगळं आटोपलं आणि सहा वाजता मावशी दारात उभी राहिली. ती रडली नाही. पाणीसुद्धा न घेता भिंतीला टेकून बसून राहिली आणि सकाळच्या गाडीने परत गेली. नंतर तिने माझा फोन कधी उचलला नाही.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी आईच्या फोटोंची वही करायला घेतली. फोनमध्ये शोधता शोधता तिचे जुने आवाजही एकेक करून ऐकत गेले. त्यातला एक माझ्यासाठी नव्हताच. "कव्हय येशी वं बहीन? मी तुनी वाट देखस." कधी येशील, मी तुझी वाट पाहते, असं ती मावशीला म्हणत होती; मावशीच्या फोटोऐवजी चुकून माझ्या फोटोवर बोट पडलं होतं. मला आठवलं, तेव्हा मी तो दुकानात ऐकला होता, हसले होते आणि संध्याकाळी मावशीला पाठवू असं ठरवून विसरले होते. त्यानंतर आई चार महिने होती.

फोनवरून पाठवला असता तर मावशीने तो उघडला नसता. म्हणून कार्ड करायचं ठरवलं. एका लग्नातल्या फोटोत दोघी बहिणी गर्दीत शेजारी उभ्या होत्या. फोनमध्येच बाकीची माणसं कापून टाकली, मागचा मांडव पुसला, उजेड थोडा वाढवला. झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीने तो जाड कागदावर छापून दिला. आवाजही कार्डात घालता येईल का, असं मी तिला विचारलं. तिने तो इंटरनेटवर ठेवला आणि त्याचा क्यूआर कोड काढून दिला. ते काम करताना तिने आवाज एकदा ऐकला. भाषा तिला कळली नाही, तरी मला गुजराती पद्धतीने मावशी म्हणत तिने विचारलं, "माशी, तुमची आई?" मी मान हलवली.

घरी फोनच्या स्क्रीनवर मोठी अक्षरं आणली, उजेड पूर्ण केला, वर पातळ कागद ठेवून 'बहीण' हा शब्द गिरवला. फोटोच्या कडा झिगझॅग कात्रीने कापल्या, खाली कोड डकवला. गोंद फक्त चार कोपऱ्यांना लावला, सगळीकडे लावला की कागद फुगतो. माफीचं एक वाक्य लिहायचं होतं. तीन कागद वाया गेले, मग ती जागा कोरीच ठेवली.

कार्ड पोहोचल्यावर मावशीने सुनेला त्यावरचा कोड फोनवर उघडायला लावलं. मग तिचा फोन आला, दीड वर्षाने.

"हाई तू तव्हयच काबर नही धाडं?" तिने विचारलं.

तेव्हाच का पाठवलं नाहीस. मी विसरले, एवढंच मी सांगू शकले.

मग मावशी म्हणाली, "ती मनी वाट देखे. तू तीन तास बी नही देखी."

तीन तास मी वाट पाहिली नव्हती, हे खरंच होतं. मी तसं म्हणाले. तिने फोन ठेवला आणि मी दुकानाला रजा टाकून दिवसभर तशीच बसून राहिले.

महिन्याभराने पुन्हा तिचाच फोन आला. रोज हातात घेऊन कोडची शाई पुसट झाली होती, आता आवाज उघडत नव्हता. दुसरं कार्ड पाठव, म्हणाली, आणि या वेळी वरून प्लास्टिक लाव. मी लॅमिनेशन करून पाठवलं. मिळाल्याचं तिने सुनेकडून कळवलं. सुरतला येशील का, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.